आधी भावाकडे जा

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता? कुणी माहेरी जातं, कुणी देवदर्शनाला, कुणी थंड हवेच्या ठिकाणी. मी इंदूरला राहते, शाळेत शिकवते. माझी सुट्टी दरवर्षी घरातच संपायची. कारण विचारलं तर मी सांगायचे, रिझर्व्हेशन मिळत नाही. खरं कारण वेगळं होतं. माहेरी भाऊ होता आणि सात वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते.

तुमच्याही घरात असा एखादा न लागणारा फोन असेल. म्हणून हा प्रवास तुम्हाला सांगावासा वाटला. फिरायला जाणाऱ्यांना यात दोन-चार चांगली ठिकाणं मिळतील. बाकीचं ज्याचं त्याने घ्यावं.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. बाबांची निर्मळजवळ केळी आणि फुलांची वाडी होती. बाबा गेल्यावर सात वर्षांपूर्वी दादाने ती बिल्डरला विकायचं ठरवलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, म्हणून माझी सही लागणार होती. मी आधी नाही म्हटलं, मग चिडून सही केली, पैसे घेतले आणि बोलणं बंद केलं. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मातीला पोचले. कबरीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. त्याच रात्रीच्या गाडीने परत फिरले.

गेल्या वर्षी मात्र ठरवलं, दोन नोव्हेंबरला आईच्या कबरीवर जायचं. तो आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. पण सरळ घरी जायची हिंमत होईना. म्हणून नाशिकवरून जायचं ठरवलं. तिथे जुनी मैत्रीण आहे.

नाशिकची मैत्रीण आणि वसईची घंटा

इंदूरहून रात्रीची बस पकडली की आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे, मालेगाव करत सकाळी नाशिकला उतरता येतं. मैत्रीण पंचवटीत राहते. आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. ती सोमवारचा उपास करायची, मी शुक्रवारी मांसाहार टाळायचे, आणि मेसवाल्या मावशी दोघींवरही वैतागायच्या.

फराळाचं ताट समोर ठेवून ती म्हणाली, "करंजी तुझ्या आईसारखी नाही झाली. काकू नाताळला पाठवायच्या ना, तशी खुसखुशीत नाही जमत मला."

तुम्हाला नवल वाटेल, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या आणि चकल्या होतात. दिवाळीला शेजारून ताट येतं आणि नाताळला ते भरून परत जातं. आमच्या घरी रिकामं ताट परत द्यायची पद्धत नव्हती.

संध्याकाळी ती मला रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळात घेऊन गेली. नाशिकला गेलात तर हे देऊळ चुकवू नका. नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधलं. काळ्या दगडातलं कोरीव काम पाहण्यासारखं आहे, पण लोक ओळखतात ते तिथल्या घंटेसाठी. गोदावरीकडे तोंड करून ती उंचावर टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ती आली वसईहून.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या भागात नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे, १७०७ सालची. भीमाशंकरलाही आहे.

लहानपणी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. आमची घंटा यांनी का घ्यावी? बाबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "अगं, ती वितळवून तोफ नाही ना केली? देवाच्याच दारात आहे. मग आमची काय, त्यांची काय!"

घाटावर बसून मी मैत्रिणीला ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझे बाबा घंटेबद्दल असं म्हणू शकत होते. मग वाडीबद्दल तू का नाही म्हणत?"

मी चिडलेच. वाडी आणि घंटा यांचा काय संबंध? वाडी काही देवळात नाही गेली, बिल्डरकडे गेली. ती म्हणाली, "बरं बाई, राहिलं." पण जुन्या मैत्रिणीचं असंच असतं. ती विषय सोडते आणि शब्द मागे राहतात.

शरणपूरच्या बाई

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या आमच्या जुन्या रेक्टर बाईंना भेटायला गेले. त्या शरणपूर रोडच्या बाजूला राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे मंद, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. त्या प्रॉटेस्टंट, मी कॅथलिक. वसतिगृहात मी मदर मेरीचं चित्र भिंतीला लावलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली होती. मी आजारी पडले तेव्हा मात्र रात्रभर त्याच चित्राखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

नाशिककर शरणपूर रोड हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतात, पण त्यामागची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे मिशनऱ्यांनी एक वस्ती उभारली, शरण आलेल्यांचं गाव. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी जहाजं इंग्रज आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं-मुली मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच नाशिकला येत. इथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेचा शोध घेणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आजच्या झांबियात वारले. त्यांच्या सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं. मग देह उचलून ते सगळे कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत गेले. वेनराइट देहासोबत थेट लंडनपर्यंत पोचला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीमधल्या दफनाला हजर होता. नाशिकला शिकलेला मुलगा!

बाई म्हणाल्या, "त्या पोरांना आई-बाप, भाऊ, गाव काही उरलं नव्हतं. सगळं ओरबाडून नेलेलं. तरी त्यांनी परक्या माणसाचं ओझं घरापर्यंत पोचवलं." मग माझ्याकडे पाहून एकदम विचारलं, "तुझा भाऊ कसा आहे?"

त्यांना आमचं भांडण माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बरा असेल."

"असेल म्हणजे?"

मला उत्तर देता आलं नाही. निघताना त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यात माझं नाव घेतलं आणि दादाचंही, कारण वसतिगृहात दर महिन्याला मला भेटायला तोच यायचा आणि त्यांच्यासाठी वाडीतली वेलची केळी आणायचा. त्यांच्या लक्षात केळी होती. माझ्या लक्षात फक्त खरेदीखत राहिलं होतं.

दिवा ते वसई

नाशिकरोडहून गाडीने कसारा घाट उतरून कल्याण, तिथून लोकलने दिवा आणि दिव्याहून वसई रोडची मेमू. या मेमूने कधी गेला नसाल तर एकदा जाऊन पाहा. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही खिडकीतून खाडी, भातशेतं आणि डोंगर दिसतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भात कापणीला आलेलं असतं. कामण, जुचंद्र मागे पडतं आणि मग एकदम इमारती सुरू होतात.

वसई रोड स्थानकाबाहेर आले आणि क्षणभर दिशाच कळेना. माझ्या लहानपणी पहाटेच्या लोकलने आमच्याकडच्या बायका मोगरा, सोनचाफा, भाजी आणि विड्याची पानं घेऊन मुंबईला जायच्या. आजही काही जातात. पण ज्या वाड्यांतून ते सगळं यायचं, त्यांतल्या कितीतरी वाड्यांवर आता मजले चढले आहेत.

हे आपोआप झालं नाही आणि मुकाट्यानेही झालं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथे हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरींचा उपसा, टँकरचा धंदा आणि बेसुमार बांधकाम यांच्या विरोधात ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी एकत्र रस्त्यावर आले. पुढे उभे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच होते. त्या पदावरचे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. जुलै २०२४ मध्ये ते गेले. माझे बाबा त्यांच्या मोर्च्यात चालले होते. म्हणून तर दादाने वाडी विकली तेव्हा मला वाटलं, त्याने बाबांनाच विकलं.

निर्मळची मावशी

मी दादाकडे न जाता मावशीकडे उतरले. मावशी आमच्या सामवेदी बोलीतच बोलते. तिला कादोडीही म्हणतात. सात वर्षांनी ती कानावर पडली आणि पहिल्या वाक्यालाच डोळे भरून आले.

निर्मळ हे गाव तुम्ही जरूर पाहा. एकीकडे चर्च, दुसरीकडे तळी आणि शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिर. कार्तिक वद्य एकादशीपासून इथे मोठी जत्रा भरते. तिला हिंदू जातात, ख्रिस्तीही जातात. आमच्याकडची सुकेळी याच जत्रेत विकली जाते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी सोनेरी आणि चिवट होतात. घरी आणली की लपवून ठेवावी लागतात, नाहीतर रात्रीत संपतात.

मावशीने जेवताना विषय काढला नाही. झोपायच्या आधी जपमाळ झाली, येशूने शिकवलेली प्रार्थना झाली. ही प्रार्थना मी हजारो वेळा म्हटली असेल. तिच्यात आपण देवाकडे क्षमा मागतो, पण ती मागताना आपणही इतरांना क्षमा केली आहे, असं म्हणतो. त्या ओळीला माझा आवाज दरवेळी आपोआप बारीक व्हायचा. मावशीच्या ते लक्षात आलं असणार. दिवा मालवताना ती म्हणाली, "शेवटच्या वर्षात तुझ्या आईला आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यायला लागायचं. तो न्यायचा. तुला कुणी सांगितलं नसेल."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

किल्ल्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच किल्ल्यात गेले. वसईचा किल्ला पाहायला तिकीट लागत नाही, वेळ मात्र लागतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढची दोनशे वर्षं इथे एक अख्खं शहर नांदलं. आज छपरं गेली आहेत, कमानी उभ्या आहेत आणि भिंतींतून वडाची मुळं उतरली आहेत. एक चर्च दुरुस्त केलेलं आहे. तिथे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण होतो. ते याच वसईचे. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली त्यांना क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

घंटा नसलेल्या एका पडक्या मनोऱ्याखाली बसले. वाटलं, नाशिकची ती घंटा कदाचित इथूनच गेली असेल. ती गेली म्हणून वसईतली प्रार्थना थांबली नाही. पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. लोक राहिले आणि मराठीतून प्रार्थना करत राहिले. आमच्या विश्वासाची मुळं त्या घंटेत नव्हती आणि मग वाडीतही नसावीत.

शुभवर्तमानात येशूची एक शिकवण आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. यात एक गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नव्हती. चूक कुणाची, हे येशू विचारतच नाही. तो फक्त सांगतो, तू जा.

दोन नोव्हेंबर

संध्याकाळी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही हा दिवस पाहिला नसेल तर सांगते. सगळ्या कबरी साफ करून झेंडूने सजवतात, मेणबत्त्या लावतात. मिस्सा झाल्यावर फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. दुःखाचा दिवस म्हणावा तर लहान मुलं मेणाचे गोळे करत खेळत असतात आणि म्हातारी माणसं एकमेकांची विचारपूस करत असतात. अंधार पडला की सगळी जमीन उजळते.

आईच्या कबरीवर संगमरवर नाही, साधा लाकडी क्रूस आहे. मी पोचले तेव्हा तिथे आधीच मेणबत्त्या होत्या आणि सोनचाफ्याची ओंजळभर फुलं. दादा उकिडवा बसून वाऱ्याने विझलेली मेणबत्ती पुन्हा लावत होता. केस सगळे पांढरे झाले होते. त्याने वर पाहिलं, पण बोलला नाही. बाजूला सरकून मला जागा दिली.

मी मेणबत्ती लावली. काडी तीनदा विझली. चौथ्यांदा त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला.

मी म्हटलं, "सोनचाफा कुठून आणलास?"

"झाड आहे अजून. बिल्डरला सांगितलं होतं, तेवढं तोडायचं नाही. कागदावर लिहून घेतलं."

मग तोच म्हणाला, "विहीर खारट झाली होती गं. दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर केळी जगवली. तुला सांगायला फोन केला होता, तू ऐकायच्या आधीच चिडलीस. मग मीही नाही सांगितलं."

मी काय बोलणार होते? मला वाडी हवी होती ती आठवणीसाठी. त्याला ती रोज शिंपावी लागत होती. मी इंदूरला बसून हिरवी वाडी डोळ्यांपुढे आणायचे, आणि तो खारट पाण्याने पिवळी पडलेली पानं तोडत होता. आईला इस्पितळात नेऊन आणत होता, तेही एकट्याने.

"चुकलं माझं, दादा," एवढंच म्हटलं.

तो म्हणाला, "माझंही." मग खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाला, "चहाला येतेस? वहिनी वाट बघतेय. मावशीने सकाळीच फोन केला होता."

आमच्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तो राहतो. जिन्याजवळ सोनचाफा आहे. गॅलरीत प्लास्टिकच्या निळ्या पिंपात त्याने एक केळ लावली आहे. तिला घड कधी येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. वहिनीने चहाबरोबर करंज्या ठेवल्या. शेजारून आलेल्या, दिवाळीच्या. आम्ही दोघांनी वाडीचा विषय काढला नाही. पैशांचाही नाही. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. मधूनमधून बोलणं अडत होतं आणि मग आम्ही दोघंही पिंपातल्या केळीकडे बघत होतो. पण त्या रात्री जपमाळ म्हणताना मला त्या ओळीला आवाज बारीक करावा लागला नाही.

तुम्ही गेलात तर

वसईला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरा. पश्चिमेहून बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला सहा-सात किलोमीटरवर आहे. पाणी सोबत ठेवा, टोपी घाला आणि दुपारचं ऊन टाळा. निर्मळला नालासोपाऱ्याहूनही जाता येतं. जाताना सोपाऱ्याचा प्राचीन बौद्ध स्तूप पाहून घ्या. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, कुणी उठवणार नाही. मिस्सा मराठीत असते, तुम्हाला सगळं समजेल. जत्रेच्या दिवसांत गेलात तर सुकेळी घ्या, थोडी जास्तच घ्या.

नाशिकला गेलात तर घाटावर उभं राहून त्या घंटेकडे एकदा पाहा.

आणि तुमच्याकडे तो न लागणारा फोन असेल, तर तुमचा धर्म कुठलाही असो, चूक कुणाची याचा हिशेब नंतर करा. सणाचे दिवस आहेत, चहाचं निमित्त पुरतं. मी सात वर्षं घालवली. आईची शेवटची वर्षं त्यातच गेली, ती आता परत मिळणार नाहीत. दादाचा मात्र आता दर रविवारी फोन येतो. केळीला नवं पान आलं की तो त्याचा फोटो पाठवतो.